शाश्वत जगण्याचे तिसरे सूत्र

मुळशी, कर्जत, मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शहरातल्या लोकांनी पुष्कळ जमीन घेतली. त्यातल्या बहुतेकांनी बंगला बांधला आणि हिरवळ लावली. काहींनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांनी पालापाचोळा जाळणे थांबवले, उतारावर चर खणले, सांडपाण्यावर केळी लावल्या, मातीच्या भिंतींचे घर उभारले. या मंडळींच्या बोलण्यात ‘पर्माकल्चर’ हा शब्द हमखास येतो. त्याच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरतात आणि तिथून परतणारी माणसे खरोखरच काहीतरी शिकून येतात. याची टिंगल करण्याचे कारण नाही. उघड्या माळावर कोणी सावली धरत असेल, तर त्याचे स्वागतच करावे.

तक्रार आहे ती वेगळी. पर्माकल्चरची उभारणी तीन नैतिक सूत्रांवर झाली आहे. भूमीची काळजी घ्या, हे पहिले. माणसांची काळजी घ्या, हे दुसरे. आपल्या गरजांना मर्यादा घाला आणि उरेल ते वाटून टाका, हे तिसरे. पहिल्या दोन सूत्रांना नाही म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. भांडण सुरू होते ते तिसऱ्यापाशी. किती घ्यायचे, कुठे थांबायचे, उरलेले कोणाला द्यायचे आणि हे सगळे ठरवायचे कोणी? कार्यशाळेत आच्छादनाला दोन तास मिळतात, या प्रश्नांना पाच मिनिटे. माझे म्हणणे असे की तिसरे सूत्र गळाले तर पहिली दोन टिकत नाहीत. शिवाय या सूत्राचा जेवढा खडतर अनुभव महाराष्ट्र आणि गोव्याच्या गाठीशी आहे, तेवढा पर्माकल्चरच्या मूळ ग्रंथांतही नाही.

बेटावरचा विचार

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर या विचाराचा जन्म झाला. बिल मॉलिसन यांनी (१९२८–२०१६) तरुणपणी मासेमारी केली, जंगलात कामे केली, नंतर सरकारी संशोधन संस्थेसाठी वन्यजीवांच्या पाहण्या केल्या आणि पुढे टास्मानिया विद्यापीठात शिकवले. १९७४ साली त्यांची गाठ डेव्हिड होल्मग्रेन या विद्यार्थ्याशी पडली. काळही तसाच होता. १९७२ मध्ये ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल आला होता आणि १९७३ च्या तेलटंचाईने श्रीमंत देशांना पेट्रोलसाठी रांगा लावायला लावले होते. पाश्चात्त्य शेती तोवर पुरती तेलावर अवलंबून झाली होती. ट्रॅक्टर तेलावर, खते तेल आणि वायूवर, वाहतूक तेलावर. ताटात आलेल्या अन्नात जेवढी ऊर्जा असते, त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा ते तिथवर आणण्यात खर्ची पडत होती.

मॉलिसन यांनी जंगल जवळून पाहिले होते. जंगलाला कोणी नांगरत नाही, खत घालत नाही, फवारणी करत नाही, तरी ते वर्षानुवर्षे उभे असते. मग माणसाला हवे ते अन्न, जळण, चारा, औषध देणारी आणि तरीही जंगलासारखी स्वतःच्या बळावर चालणारी रचना मुद्दाम आखता येईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधत दोघांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक काढले. १९८८ मध्ये मॉलिसन यांचा जाडजूड ‘डिझायनर्स मॅन्युअल’ आला. २००२ मध्ये होल्मग्रेन यांनी या विचाराची बारा तत्त्वे मांडली.

त्या १९८८ च्या ग्रंथात तिसरे सूत्र बरेच कडक आहे. लोकसंख्या आणि उपभोग या दोहोंना मर्यादा घालण्याची भाषा तिथे आहे. पुढे चळवळ जगभर पसरली तसे त्याचे रूप ‘न्याय्य वाटा’ असे मवाळ झाले. मर्यादा मागे पडली, वाटणी राहिली. आणि प्रत्यक्षात वाटणीही शेजाऱ्याला चार लिंबे आणि थोडे बियाणे देण्यापुरती उरली.

कुठे काय असावे

या विचाराचे शास्त्र मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. पर्माकल्चर हे सेंद्रिय शेतीचे नवे नाव नव्हे. सेंद्रिय शेतीत मुख्य प्रश्न असतो, खत कोणते आणि औषध कोणते. पर्माकल्चरचा पहिला प्रश्न असतो, कोणती गोष्ट कुठे असावी आणि तिचे शेजारी कोण असावेत. जिथे रोज जावे लागते ते दाराशी, जिथे वर्षातून एकदाच जायचे ते लांब. म्हणून घर धरून जमिनीचे पट्टे आखले जातात. घर हा शून्य पट्टा, त्याला लागून भाजीचा वाफा, मग फळझाडे आणि कोंबड्या, मग मुख्य पीक, मग चराई आणि सरपण, आणि सर्वांत बाहेर माणसाने हात न लावायचा रानपट्टा.

कोकणातल्या जुन्या घराला ही आखणी कोणी शिकवावी लागली नाही. न्हाणीचे पाणी जाते तिथे अळू आणि केळी. मागच्या दाराशी मिरची आणि कढीपत्ता. पलीकडे माडा-पोफळीची वाडी, तिच्यात पोफळीवर चढलेली मिरवेल, सावलीला जायफळ, खाली हळद आणि अननस. त्यापुढे भाताची खाचरे, वर वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि गवत. सगळ्यांच्या पलीकडे देवराई, जिथे कुऱ्हाड नेत नाहीत. गोव्यातल्या कुळागरातही असेच थर दिसतात. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाटांनी खेळवत तिथल्या पोफळी, माड, फणस, केळी यांना दिले जाते.

दुसरे तत्त्व असे की प्रत्येक गोष्टीकडून अनेक कामे व्हावीत आणि प्रत्येक कामाला अनेक आधार असावेत. बांधावरचे गिरिपुष्प घ्या. ते कुंपण होते, पाल्याचे खत देते, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते आणि छाटलेल्या फांद्यांचे जळण होते. उलट, पाण्यासाठी एकच बोअर आणि उत्पन्नासाठी एकच पीक, ही या शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची मांडणी. कपाशी किंवा सोयाबीनच्या सलग रानात पाऊस तीन आठवडे लांबला की काय होते, हे विदर्भ-मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

तिसरे तत्त्व पाण्याचे. धावत्या पाण्याला चालायला लावायचे, चालत्याला थांबवायचे, थांबलेल्याला मुरवायचे, असे आपल्याकडचे पाणलोटाचे कार्यकर्ते सांगतात. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे, समतल चर काढायचे, ओघळी बांधायच्या. पर्माकल्चरच्या पुस्तकांतही नेमके हेच आहे.

मात्र जुने ते सगळे शाश्वत, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. याच कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या वर्षानुवर्षे तोडल्या गेल्या आणि डोंगरावर झाडांचे नुसते सोट उरले. परंपरेतही शहाणपण आणि उधळपट्टी शेजारी शेजारी नांदतात. पारख करावीच लागते.

ज्ञान होते, आवर नव्हता

हे ज्ञान आपल्याला परदेशातून आणावे लागले असेही नाही. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक होते. शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांपासून खत कुजवण्याची शिस्तशीर पद्धत त्यांनी तिथे बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. पुढे जगाच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डना पितामह मानले. वाडांची आठवण महाराष्ट्रातही कोणी काढत नाही.

महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगावजवळच्या देहरी गावात भास्कर सावे (१९२२–२०१५) यांनी आधी रासायनिक शेती केली, मग ती सोडून चौदा एकरांत ‘कल्पवृक्ष’ नावाची नारळ-चिकूची बाग उभी केली. ‘एका काडातून क्रांती’चे कर्ते मासानोबु फुकुओका ती पाहायला आले होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर तर याहून पुढे गेले. पानांचे किती क्षेत्र किती ऊन पकडते याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः मांडावा, असा त्यांचा आग्रह होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत नीट जगता येईल, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ला कार्यालय नव्हते, पदाधिकारी नव्हते. शेतकरी एकमेकांना पत्रे लिहीत, निरीक्षणे कळवत, बागा पाहायला जात. तासगावच्या द्राक्षांचे यश या देवाणघेवाणीतून वर आले.

आता त्या यशाचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. द्राक्षाला पैसा मिळतो म्हटल्यावर बागा वाढल्या. पाऊस जेमतेम असलेल्या तालुक्यांत वाढल्या. फवारण्या वाढल्या, बोअर खोल गेले आणि दुष्काळात बागा जगवायला टँकर लागले. दाभोळकरांनी ज्ञान सढळ हाताने वाटले; तो दोष त्यांचा नव्हे. पण या तालुक्याच्या पाण्यात द्राक्षाचे एकूण किती एकर बसतात, हा प्रश्न कोणाही एकट्या बागायतदाराच्या वहीत सुटणारा नव्हता, आणि तो एकत्र बसून सोडवणारी व्यवस्था कुठेच नव्हती. तंत्र शेताचे होते, अडचण तालुक्याची होती.

पाण्याला बांध कळत नाही

इथेच पर्माकल्चरच्या आखणीची मर्यादा लक्षात येते. ती सगळी आखणी एका मालकाच्या कुंपणाच्या आत चालते. शून्य पट्टा माझे घर, पाचवा पट्टा माझे रान. पण भूजल, वारा, परागीकरण करणाऱ्या माश्या, कीड, गावाची गुरे यांना सातबारा वाचता येत नाही. मी दोन एकरांत चर खणून पाणी मुरवले आणि शेजाऱ्याने पाचशे फुटांचे बोअर घेतले, तर माझे पुण्य त्याच्या मोटरीला लागते. उलटही खरे. शहरातून आलेला पर्माकल्चरवाला आपल्या फळझाडांसाठी बोअर घेतो तेव्हा खालच्या वाडीतला झरा मार्चऐवजी जानेवारीतच आटू शकतो. त्याच्या बागेत एक थेंब रसायन नसले तरी वाडीतल्या बायकांना त्याचा काय उपयोग?

कायदाही मालकाच्या बाजूचा आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा वेगळा कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी रेंगाळतच राहिली.

शेततळ्यांचे उदाहरण बोलके आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि दोन पावसांतल्या खंडात पिकाला द्यायचे, ही मूळ कल्पना उत्तम होती. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. नगर, जालना, नाशिक भागांतल्या फळबागायतदारांनी तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर घातले आणि ती विहिरी-बोअरच्या पाण्याने भरून घेतली. जमिनीच्या पोटात, उन्हापासून सुरक्षित असलेले सर्वांचे पाणी वर काढून एकेकाच्या नावावर उन्हात साठवले गेले. त्यातले काही डाळिंबाला मिळाले, काही वाफ होऊन गेले. जलसंधारणाच्या नावाखाली जलसंचय झाला.

ठिबकचेही तेच. ठिबकने एकरी पाणी वाचते, यात शंका नाही. वाचलेले पाणी नदीत किंवा शेजारच्या कोरड्या विहिरीत जात नाही. त्यावर आणखी दोन एकर बागाईत होते. उसाच्या बाबतीत तर केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे की राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रात ऊस ४ टक्क्यांहून कमी, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात. काटकसरीचे तंत्र कितीही चांगले असले, तरी ‘एवढेच’ असे कोणी ठरवले नसेल तर त्या काटकसरीतून जास्तीचा उपसाच निघतो.

थांबण्याची व्यवस्था

‘एवढेच’ ठरवणाऱ्या व्यवस्था आपल्याकडे होऊन गेल्या आहेत, काही अजून तग धरून आहेत. धुळे-नाशिकमधल्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत कित्येक शतके चालली. बंधाऱ्याखालचे रान काही फडांत विभागलेले असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार, हे सगळे मिळून ठरवत. पाणी फिरवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागले. या रचनेतली खरी हुशारी टंचाईच्या वर्षी दिसे. पाणी कमी असेल तर एखादा फडच कोरडा ठेवायचा. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असल्याने तोट्याचा भारही सगळ्यांवर वाटला जाई. टंचाईची वाटणी करणे हे सुबत्तेच्या वाटणीपेक्षा फार अवघड, आणि ते इथे आखणीतच बसवलेले होते.

गोव्याच्या खाजन जमिनी ही तर रचनाशास्त्राची कमाल. भरतीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून जमीन काढली, मानशीच्या दारांनी पाण्याची ये-जा बांधून घेतली. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, त्याच जमिनीत मासळी, काही ठिकाणी मिठागरे. हे सारे ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेच्या नियमांवर उभे होते. बांध कोणी दुरुस्त करायचे, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव कसा करायचा, दार कधी उघडायचे, सगळे ठरलेले. पुढे गावकरीचे अधिकार गेले, कुळ कायद्यानंतर व्यवस्था बदलली आणि भातापेक्षा मासळीत पैसा जास्त दिसू लागला. मासळीसाठी खारे पाणी आत जास्त काळ ठेवले जाऊ लागले, बांधांची डागडुजी राहिली, अनेक ठिकाणी बांध फुटले. बांध, दारे, भाताचे बियाणे यांपैकी काहीही अज्ञात झाले नव्हते. नियम सुटला आणि शेते खारी झाली.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे जुन्या गावगाड्याकडे परत जायचे का? मुळीच नाही. गावकरी ही मूळ वसाहतदारांच्या पुरुष वंशजांची मिरास होती. फडात हक्क होता तो जमीनवाल्यांचा. रात्रभर राखण करणाऱ्या जागल्याला धान्य मिळे, निर्णयात जागा नव्हती. त्या व्यवस्थांना मर्यादा कळत होती, समता कळत नव्हती. म्हणून १९७० नंतरचा महाराष्ट्रातला अनुभव जास्त मोलाचा आहे.

१९७२ च्या दुष्काळाने हादरलेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची ४० एकर जमीन भाड्याने घेतली आणि माथा ते पायथा पाणी अडवून दाखवले. तेवढेच केले असते तर तो एक यशस्वी पाणलोट प्रयोग ठरला असता. पण त्यांनी पाणी पंचायतीचे नियम केले, आणि ते नियम आजही वाचताना अंगावर येतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा असेल. ऊस चालणार नाही. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः उभा करायचा. या पद्धतीच्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, हे खरे. पण पाणी माणसाचे की जमिनीचे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत कायमचा आला.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा धरण बांधले. नदीतली थोडी वाळू लोकांनीच विकून धरणासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांसह सगळ्यांना पाण्यात समान वाटा देण्याचे ठरवले. हिवरे बाजार या गावाने पुढे पाण्याचा ताळेबंद सुरू केला. पाऊस किती झाला ते मोजायचे, पिण्याचे आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर यंदा कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअरला बंदी, उसाला बंदी. पर्माकल्चरच्या कोणत्याही नकाशाइतकेच हे रचनाशास्त्र आहे. फरक एवढाच की त्याचा कागद एका मालकाच्या टेबलावर नसतो, तो ग्रामसभेत वाचून दाखवला जातो.

पोट भरेल का

पर्माकल्चरवरचा गंभीर आक्षेप उत्पादनाचा. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. रासायनिक शेतीतून बाहेर पडताना पहिली काही वर्षे उत्पन्न घटते, मजुरी वाढते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि घरात लग्नाची मुलगी आहे, त्याने ही घट कशाच्या बळावर सोसायची? नोकरीचा पगार चालू ठेवून शेतीत प्रयोग करणाऱ्याने त्याला उपदेश करणे हे बेजबाबदारपणाचे आहे.

आक्षेप खरा आहे, आणि घाईचे काय होते ते शेजारच्या देशाने दाखवून दिले. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पर्यायी खत तयार नव्हते, शेतकरी तयार नव्हते. भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. मातीतले सेंद्रिय कर्ब हुकमाने वाढत नाही. बदल टप्प्याटप्प्याने, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावा लागतो.

पण याचा अर्थ बदलच करू नये असा होत नाही. बदलाची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, एवढाच होतो. खताच्या अनुदानावर सरकार वर्षानुवर्षे खर्च करते. त्यातला काही भाग संक्रमणाच्या वर्षांतली घट भरून काढायला, ज्वारी-तूर-नाचणीच्या खात्रीशीर खरेदीला, गावोगावच्या बियाणे बँकांना का जाऊ नये? अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपले; त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. गौरव योग्यच झाला. पण ते वाण पेरणाऱ्याच्या मालाला बाजारात भाव नसेल तर बियाणे बँकेतच राहील. जोखमीची वाटणी हीसुद्धा तिसऱ्या सूत्राचीच बाजू आहे.

शहराचा हिशेब

हे सगळे वाचून शहरातल्या वाचकाला वाटेल, हा शेतकऱ्यांचा प्रश्न झाला. शाश्वत जीवनशैली म्हणून त्याच्यापुढे सध्या बांबूचा ब्रश, तांब्याची बाटली आणि सेंद्रिय गूळ ठेवला जातो. त्याने काही बिघडत नाही, फारसे काही साधतही नाही. शहराचा खरा हिशेब पाण्यात आणि कचऱ्यात आहे. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात आणि ज्या शहापूर तालुक्यात ती आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पुणे मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते म्हणून महापालिका आणि जलसंपदा खात्याचा वाद जवळजवळ दरवर्षी होतो. कालव्याच्या शेवटी असलेले दौंड-इंदापूरचे शेतकरी त्यात भरडले जातात. गच्चीवर वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या पुणेकराने आपल्या सोसायटीचे दरडोई पाणी कधी मोजले आहे काय?

कचऱ्याचेही असेच आहे. घरातला ओला कचरा घरातच किंवा सोसायटीत कुजवणे, हे शहरात करता येण्यासारखे सर्वांत थेट पर्माकल्चर. ते केल्यावरही सुका कचरा कोणाच्या तरी हातातून जातो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. दाराशी येणाऱ्या कचरावेचक बाईला नीट वेगळा केलेला कचरा, बसायला सावली आणि वेळेवर पूर्ण मोबदला मिळाला तर माणसांची काळजी हे दुसरे सूत्र पुस्तकातून जिन्यापर्यंत आले म्हणायचे.

खड्डा खणण्याआधी

म्हणून ज्यांना खरोखर या वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी क्रम उलटा करावा असे मी सुचवतो. जमीन घेतल्यावर केळीचे आळे खणण्याआधी गावच्या ग्रामसभेला जावे. उन्हाळ्यात कोणत्या विहिरीला किती पाणी असते, ते गावातल्या बायकांना विचारावे. बोअर घ्यायचे असेल तर आधी खालच्या वाडीला विचारावे, आणि नको म्हणाले तर घेऊ नये. आपल्या जमिनीतून पूर्वीपासून गुरांची वाट असेल, सरपणाची वहिवाट असेल, तर कुंपण घालताना ती सोडावी. कार्यशाळा घेणाऱ्यांनी चर आणि आच्छादन जरूर शिकवावे, पण एक पूर्ण दिवस पाणी पंचायतीचे नियम आणि फड पद्धत यांनाही द्यावा. सरकारने शेततळ्याला अनुदान देताना त्यात फक्त पावसाचेच पाणी भरले जाईल, ही अट नुसती छापू नये, तपासावी. आणि शहरातल्या सोसायट्यांनी आपल्या पाण्याचा आकडा दरमहा फलकावर लावावा.

यातले काहीच आकर्षक नाही. ग्रामसभेत भांडणे होतात, वेळ जातो, कोणीतरी नाराज होते. पण झाडे लावणे, खत कुजवणे, पाणी मुरवणे ही कामे एकटा माणूसही करू शकतो. किती पुरे हे मात्र एकट्याला ठरवता येत नाही. ते ठरवायला जिथे माणसे एकत्र बसली, तिथे दुष्काळातही गावे उभी राहिली. जिथे बसली नाहीत, तिथे उत्तम तंत्रानेही विहिरी आटल्या. पर्माकल्चरकडून शिकायचे असेल तर आधी हे शिकावे. बाकीचे तंत्र कोणतेही पुस्तक शिकवील.